समुद्राच्या तळाची वजरी

त्वचेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईने पिशवीतून एक काळा, खरखरीत दगड काढला आणि लेक किंचाळलीच.

"आई, तू याने टाचा घासतेस?"

"मग? तूच आणलास ना बोटीवरून? मला वाटलं, माझ्यासाठी वजरी आणलीस."

"अगं, समुद्राचा तळ आहे तो! दोन महिने पाण्यावर काढले आम्ही त्यासाठी."

"तळाला तर वाळू असते."

"त्याच्याही खाली हा. तुझी टाच कशी ताणून फाटते, तसा अख्खा खंड ताणला जातो. पातळ होतो, भेग पडते, दोन तुकडे लांब जायला लागतात."

"माझ्या भेगेतून रक्त येतं. तिथून?"

"वितळलेला दगड. तो थिजला की तोच नवा तळ. पाणी शिरलं की झाला समुद्र. तळ पुन्हा मधोमध फाटतो, पुन्हा भरतो."

"म्हणजे भेग कधी रिकामी राहतच नाही? कमाल आहे बाई! आणि ते तुकडे?"

"अजून लांब जातायत."

"हा केव्हाचा गं?"

"अगदी भेगेवरचा आहे. माझ्याहून लहान असेल."

"तुझ्याहून? आणि मी मेली त्याला टाचेखाली रगडतेय!"

"असू दे. पुढच्या महिन्यात पुन्हा जातेय, दुसरा आणीन."

"पुढच्याच महिन्यात?"

"आजी, चला आत. सोबतच्यांनी बाहेर थांबायचं," नर्स दारातून म्हणाली.

"लेक थांबेल, तिला सवय आहे लांब राहायची. हा तान्हा आहे, हा माझ्याबरोबर येईल."