सरांच्या पुस्तकातली नावं

मंडळी, बसून घ्या. मला भाषण येत नाही, चौथीतच शाळा सुटली माझी. पण बायको गेल्यापासून सोनावणे सर भिंगारला माझ्याच खानावळीत जेवायचे. म्हणून आज त्यांच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उभी राहिले. 

रडगाणं नको. सर लई हसरा माणूस.

सरांच्या शेजारी जुमा नि थांडी बसायचे. जुमा केनियाचा, थांडी दक्षिण आफ्रिकेची, दोघं इथं कॉलेजात. ते बसलेत बघा. आफ्रिकेतल्या लोकांवर नि त्यांच्या भाषांवर सर इंग्रजीत पुस्तक लिहीत होते. म्हणायचे, "मंदाबाई, भाषांना गोऱ्या साहेबानं ठेवलेली नावं काढून टाकणार. ज्यांची भाषा, त्यांचंच नाव. इंग्रजीतसुद्धा."

एक दिवस जुमाला म्हणाले, "तुझ्या भाषेला मी किस्वाहिली लिहिलंय."

जुमा म्हणाला, "सर, घरी बोलताना किस्वाहिली. इंग्रजीत मी आपला स्वाहिलीच म्हणतो. तुम्ही का बदलता?"

थांडी उसळली. "माझं मात्र इसिझुलूच लिहा. इंग्रजीतही. नुसतं झुलू लिहाल, तर उद्यापासून तुमच्या शेजारी जेवणार नाही."

जुमा म्हणे, "जेवू नको. तुझी भाकरी मी खातो."

काय भांडली दोघं! आणि सर? हसून हसून ठसका लागला. मी पाणी दिलं. म्हणाले, "मंदाबाई, मी येडा. विचारायचंच राहिलं की." मग ज्याला त्याला विचारत सुटले. जसं ज्यानं सांगितलं, तसं लिहिलं.

पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. असं चालत नाही, पुस्तकात एकच नियम पाहिजे. सर ताटावरनंच बोलले, "लग्नाच्या पत्रिकेत नावं कशी छापता? ज्याला त्याला विचारूनच ना? एकाला रावसाहेब लागतं, दुसऱ्याला नुसतं राऊ चालतं. तिथं कुठं नियम काढता? पाहुणे रुसतील ना."

पुस्तक छापायला जायचं होतं आणि सर गेले. परवा हेच प्रकाशक मला म्हणाले, "आता सर नाहीत, सगळं एकसारखं करून टाकतो."

का हो? माणूस गेला म्हणून त्याचा शब्द पण गेला?

प्रकाशक साहेब, तुम्ही पुढंच बसलात. घड्याळ बघू नका, इकडं बघा. ही दोन पोरं समोर आहेत. यांच्या भाषांची नावं यांनी सांगितली तशीच राहणार का? व्हय का न्हाई?

मान हलवून भागायचं नाही. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.

तशीच राहतील म्हणता? एकही बदलणार नाही?

ऐकलं ना मंडळी? जुमा, थांडी, ऐकलं?

झालं तर मग. उठा सगळे. घटकाभर गप्प उभं राहू.

सर, तुमचं पुस्तक तुम्ही लिहिलं तसंच येतंय. जा आता निवांत.