नाशपतीची पिशवी

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या बाजारात खाटकाच्या दुकानापुढे रांग होती. माझ्यापुढच्या आजोबांच्या हातात नाशपतींनी भरलेली पिशवी पाहून पलीकडच्या बाई वळल्या.

“आजोबा, मांस मुरवायला एवढ्या नाशपती?”

“कमी पडतील का?”

“अहो, एक पुरते! बाकी सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल. कधी केलेलं दिसत नाही.”

“बायको करते. परवा म्हटलं, फार गोड झालंय. तर रुसून बहिणीकडे गेली.”

“अगंबाई! मग?”

“फोन केला. म्हटलं, आज मी मुरवतो, मीच भाजतो, जेवायला ये.”

“काय म्हणाल्या?”

“तिनं विचारलं, भाजणार कुठे?”

“आणि?”

“म्हटलं, बैठकीच्या खोलीत, कोळशाच्या शेगडीवर.”

“बाप रे! मग?”

“म्हणाली, काडीसुद्धा ओढू नका. मी निघालेय.”