कानबाईच्या दिवशी आलेलं वॉरंट

नाही, रविवारच होता. माझी बायको कामिनी म्हणते सोमवार, आणि ती म्हणते म्हणजे... पण कानबाई, आमची खान्देशातली देवी, श्रावणातल्या रविवारी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं, आणि फोन आला तेव्हा बाहेर बायका गाणी म्हणत होत्या, म्हणजे रविवार. अर्थात विसर्जनालाही म्हणतातच गाणी! जाऊ द्या. हल्ली मला माझीच साक्ष पटत नाही.

तर तुम्हाला सांगतो, धुळ्याच्या देवपुरातलं आमचं घर, पुढच्या खोलीत कानबाई बसलेली, सगळे भाऊबंद जमलेले, आणि मी मागच्या खोलीत चष्मा शोधतोय, तेवढ्यात व्हिडिओ कॉल. पोलिसाची वर्दी, मागे झेंडा, आवाज असा कडक की मी आधी उभाच राहिलो! "आपके नाम से पार्सल में ड्रग्ज मिला है. हेग की इंटरनॅशनल क्रिमिनल कोर्ट का वॉरंट है. कॅमेरे के सामने से हिलना नहीं!"

आता मला सांगा, हेग! अख्खी नोकरी मी धुळ्याच्या पोरांना आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवला, हेगनं कधी माझी दखल घेतली नाही, आणि आज थेट वॉरंट? खरं सांगतो, आधी घाबरलो. मग वाटलं, पाठवलंही असेल एखादं पार्सल, आपल्याला हल्ली कुठे काय आठवतं? आणि मग, काय सांगू, जरा बरंही वाटलं... कुणीतरी विषय काढला!

पण मास्तरकी काही सुटत नाही हो. म्हटलं, "साहेब, कलम कोणतं?" तो कागद चाळायला लागला. म्हटलं, "त्या कोर्टाकडे वंशसंहार येतो, युद्धगुन्हे येतात, ड्रग्जचं पार्सल येतच नाही. आणि भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, हे तरी ठाऊक आहे?" मी त्याची तोंडी परीक्षाच घ्यायला लागलो! तो "चूप बैठो!" म्हणतोय, मी "विचार करून उत्तर द्या" म्हणतोय. डिजिटल अटकेत बसलेला माणूस पोलिसाला नापास करतोय, असं जगात कुठं झालं असेल?

आणि तेवढ्यात बाहेर गाणं चढलं. टाळ्या, हसणं, सगळं. तो थांबला. एकदम. मग मान खाली घालून, ओठ न हलवता म्हणाला, "आबा... तुमना घर कानबाई शे का?"

अहो, पोलिसाच्या वर्दीतून आमची अहिराणी!

"कुठला रे तू?"

"नरडाणाकडना. भूपेंद्र. कम्प्युटरनी नोकरी सांगी लई उनात, आठे म्यानमारमा कोंडी ठेयेल शे. बठ्ठास्ना पासपोर्ट लई लिन्हात. फोन नही करा ते मारतस. आबा, मन्ही मायले सांगा, मी जित्ता शे." नोकरीचं सांगून नेलेलं, सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले, असले फसवे फोन केले नाहीत तर मार! गावाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, भागाबाई, आणि मागून कुणीतरी ओरडलं, तसा तो पुन्हा कडक: "हिलना नहीं!" आणि फोन बंद.

कायदा आहे हो. मी शिकवलाय. माणसांच्या तस्करीवर अख्खा करार आहे, देशोदेशींच्या सह्या आहेत. जबरदस्तीनं गुन्हा करायला लावलेला माणूस पीडित धरायचा, गुन्हेगार नाही, हे मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत!

दुसऱ्या दिवशी गेलो त्याच्या खेड्यात. भागाबाई ओट्यावर बसलेली. तुम्हाला ठाऊक आहे, कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांना, घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू घेतात. पोराचा कित्येक महिने पत्ता नाही, तेव्हा यंदा घरात त्यावरच भांडण. ती म्हणाली, "भाऊबंद म्हने, भूपेंद्रना रोट धरो का नही धरो? मी म्हनी, धरा!" मी म्हटलं, "अक्का, बरोबर धरलात. जिवंत आहे तो." ती रडली नाही. दिरांकडे बघून म्हणाली, "आयकं का?" आणि मला म्हणाली, "आबा, तुम्ही शिकेल मानूस. आनशात ना त्याले?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार? कायदा आहे. मी शिकवलाय.

गेलो एका पोलीस ठाण्यात. साहेब भला माणूस, चहा मागवला. "नाना, तुमचे पैसे गेले?" नाही. "मग तक्रार कशाची?" म्हटलं, माणूस कोंडलाय. "कुठं?" म्यानमारमध्ये. "नाना, माझी हद्द पुलाच्या अलीकडे संपते!" मी करार समजावला, परराष्ट्र खातं समजावलं, चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "तुम्हाला फसवायला फोन आला, एवढी फिर्याद घेतो. तेवढं तरी रेकॉर्डवर येईल." मी म्हटलं, घ्या! आणि चार पानं लिहून दिली, नाव, गाव, आईचं नाव, तो कसा पीडित आहे, कोणतं कलम, कोणता करार. साहेब पानं मोजत म्हणाले, "नाना, एवढं वाचणार कोण?" मी म्हटलं, कायदा आहे, वाचावं लागेल. सोबत आलेली कामिनी म्हणाली, "घरी तरी कुठं वाचतं कोणी तुमचं?"

मग दिल्लीला पत्रं. पोच आली. पुन्हा पत्रं, पुन्हा पोच. मला वाटायला लागलं, तो फोन आलाच नव्हता की काय? भागाबाई दर श्रावणात विचारायची, मी दर श्रावणात तेच सांगायचो, आणि ती सव्वा मूठ धरायची.

आणि सुटला हो! करारानं नाही, हेगनं नाही. सरहद्दीवर कसलीशी धाड पडली, पहारेकरी पळाले, फाटक उघडं राहिलं, पोरं नदी ओलांडून पलीकडच्या देशात गेली, तिथून विमानानं भारतात. विमानतळावर चौकशी झाली, बाकीचे आपापल्या घरी गेले. भूपेंद्र तेवढा आला नाही. का? कुणी सांगेना. दीड महिन्यानं जामिनावर आला.

परवा हेमांगी भेटली, माझी विद्यार्थिनी, आता सरकारी वकील. म्हटलं, "बेटा, एवढं शोधून दे." तिनं शोधलं, आणि फार हळू आवाजात सांगितलं. म्हणाली, "सर, टोळीतल्या कुणाचंच खरं नाव कुणाकडे नव्हतं. मालक नाही, दलाल नाही, पहारेकरी नाही. अख्ख्या प्रकरणात नाव, गाव आणि आईच्या नावासकट असलेला आरोपी एकच निघाला. तुमच्या फिर्यादीतला."