पाण्याची गोळी

बोलतोय कुठं, सिस्टर? गप्पच तर बसलोय. तुम्ही म्हणालात हात टेबलावर ठेवा — ठेवला. पायावर पाय नको — सोडला. पाठ टेका — टेकली. आता तोंड तेवढं राहिलं, त्याला जरा वेळ लागतो. किल्ली फिरवली म्हणून गरम इंजिन लगेच गार पडतं का? पण तुमच्या त्या यंत्रात काहीतरी खोट आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. एकशे बहात्तर! अहो, एकशे बहात्तर म्हणजे माणूस आहे का प्रेशर कुकर? डोकं दुखत नाही, छातीत काही नाही, पायऱ्या चढून आलो तर तुमचा तो शिपाईच माझ्यामागं धापा टाकत होता. बरं, दहा मिनिटं शांत बसा म्हणताय, बसतो. आयुष्यभर बसायचीच तर नोकरी केली.

बाकी सगळ्यात पास आहे मी, तुमच्या कागदावर बघा. डोळे — भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, ते नाही विचारलं. म्हटलं, आता वाचलंय तर असू द्या. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अक्षर दिसलं की सोडत नाही. रंग ओळखले. कान — डॉक्टर पाठीमागं उभे राहून कुजबुजले सात, मी म्हटलं सात. नऊ, म्हटलं नऊ. बाहेर कुणीतरी कुणालातरी शिव्या देत होतं, त्या पण म्हणून दाखवू का, विचारलं — तर मला पुढं ढकललं. बाटली सकाळीच भरून दिली. अडलंय ते या बी.पी.च्या पट्ट्यापाशी. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर फिट, नाही तर उद्यापासून गाडी बंद. आणि बस ड्रायव्हरची गाडी बंद म्हणजे काय, ठाऊक आहे? चौकशीची खिडकी! आमचा एक जोडीदार आहे, भोंगा म्हणतात त्याला, आवाजच तसला. गेल्या साली साखरेत नापास झाला, बसवला खिडकीत. दिवसभर माणसं विचारतात, गाडी कधी येणार? तो सांगतो, येईल. कधी? आली की. संपलं काम. एवढा दणदणीत माणूस, पण काचेच्या त्या भोकातून आवाज बाहेर येईस्तोवर त्याचं मांजराचं पिल्लू होतं. मी नाही बसणार तिथं. दोन वर्षं राहिलीत माझी, ती स्टिअरिंगवर काढणार.

हो, हो, बोलल्यानं आकडा वाढतो, कळलं. दोनदा सांगितलंत. पण सिस्टर, तुम्ही माझी बाजू पण बघा ना — माझ्या डोक्यावर इतकी वर्षं एक पाटी आहे, चालकाशी बोलू नये. माणसं चढतात, माझ्या पाठीशी बसतात, लग्नं ठरवतात, जमिनीवरनं भांडतात, सासवांची सालटी काढतात, सगळं माझ्या कानावर — आणि मधे बोलायची सोय नाही! एकदा एक गृहस्थ बायकोला सांगत होता की मी आठवडाभर बाहेरगावी होतो. अहो, तो आठवडाभर रोज माझ्याच गाडीत! रोज, एकाच थांब्यावर उतरायचा, हातात मिठाईचा पुडा! आरशात माझी त्याची नजर भेटली, तर त्यानं हळूच पाटीकडं बोट केलं. काय करणार, गिळलं. असं किती गिळलंय. मग समोर कुणी बसलं आणि त्याच्या डोक्यावर पाटी नसली, की सुटतं.

पाय? पाय कुठं हलतोय? हलतोय होय. सवय आहे हो, तो क्लचचा. दुसरा? दुसरा ब्रेकचा. नाही, नाही, जायचंबियचं काही नाही मला. ड्रायव्हर मधे जात नाही, सिस्टर, स्टँड आला की जातो. पन्नास माणसं भरलेली, एक बाई खिडकीतून डोकं काढून ओकतेय, कंडक्टर सुट्ट्यांवरनं भांडतोय — आणि मी गाडी कडेला लावून झुडपाकडं पळू? पोरं व्हिडिओ काढतील आता. म्हणून तर पाणीच पीत नाही मी, निघाल्यापासून पोचेपर्यंत थेंब नाही. आणि म्हणूनच ती तुमच्या डॉक्टरांनी दिलेली पाण्याची गोळी, ती बी.पी.ची — ती घेतली की तासाभरात अशी घाई लागते की पुढचा सिग्नल लाल का हिरवा ते दिसेनासं होतं. तेव्हा ड्युटीच्या दिवशी मी ती घेतच नाही. सुट्टीच्या दिवशी घेतो.

सुट्टी? सुट्टी कुठली हो, ती रजा विकून टाकतो मी.

अहो, लिहिताय काय! मी आपलं बोलता बोलता बोललो. पेन ठेवा खाली. घेतो म्हटलं ना, घेतो अधनंमधनं. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, त्याच्या खिशात ती गोळी असेल आणि गोळ्यांचं पाकीट न फोडलेलं असेल. डॉक्टर लोक केबिनला लागूनच संडास बांधतात, त्यांना काय कळणार — हसताय? हसा. पण मला हसवू नका, माझं जरा... बरं, जातो. तुम्ही म्हणताय म्हणून जातो हं. कुठल्या दारानं? डावीकडं? लांब आहे का फार?

आलो. काय म्हणालात, तुंबलेल्या माणसाचा आकडा चढतो? मग आधी सांगायचं नाही का! हां, विचारलंत, विचारलंत तुम्ही. मीच नाही म्हणालो. बरं वाटतंय आता, जग जरा मोठं झालं. पाच मिनिटं अजून? बसतो की.

तुम्हाला वाटेल, एवढा का जीव टाकतोय हा म्हातारा, खिडकी तर खिडकी, पंख्याखाली बसायचं, पगार तोच. घरची पण तेच म्हणते. पण माझी गाडी मुक्कामी आहे, सिस्टर. संध्याकाळी निघते, रात्री शेवटच्या स्टँडवर मुक्काम, सकाळी परत. आठवड्यातनं तीनदा माझी पाळी. ती गाडी कुणाला नको असते — तिथली विश्रांतीची खोली म्हणजे ढेकणांचं माहेर. मी मागून घेतली. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्या स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी पोरगी राहते. एकुलती. तिनं टायरवाल्याशी लग्न केलं. पंक्चर काढतो. आमच्याच डेपोत यायचा, मीच त्याला पहिल्यांदा चहा पाजला — ते अजून ऐकवते घरची, तो चहा तुम्ही पाजलात म्हणून. लग्न झालं तसं हिनं पोरीचं नाव टाकलं. बोलायचं नाही, जायचं नाही, आपल्याला मूल झालंच नव्हतं असं धरायचं. तोंड म्हणजे कुलूप. तोंडापुरतं मी पण हो म्हटलं. आणि मुक्कामी गाडी मागितली. घरी काय सांगितलंय — खोलीवर झोपतो. आणि जेवतो कुठं? पोरीकडं. जावई बोलत नाही फारसा, समोर बसून माझ्या ताटाकडं बघतो, काही कमी पडलं की उठून आणून वाढतो. टायर चांगले बसवतो म्हणतात. माझ्या पायातली चप्पल एकदा न सांगता शिवून ठेवली होती.

तर गंमत काय — घरची डबा देते. पहिल्यांदा दोन पुडाचा होता. मग तीन पुडाचा झाला. आता चार पुडाचा आहे, उचलताना खांदा भरून येतो. मी एकटा माणूस, दोन घासांचा धनी. एकदा म्हटलं, अगं एवढं कोण खाणार? तर म्हणाली, प्रवासात भूक लागते. आणि आता पोरीला दिवस गेलेत, सातवा आहे. मी घरी चकार शब्द काढला नाही, शपथेवर सांगतो. पण महिन्याभरापासून वरच्या पुडात आंबट काहीतरी असतंच असतं. कुठनं कळतं बायकांना? तुम्ही सांगा. परत आलो की रिकामा डबा घेते आणि एकेक पूड उलटा करून बघते, चाटूनपुसून आहे का. मग घासायला घेते. तर असा तो डबा आहे. आता ही गाडी सुटली हातातनं, तर तिकीट काढून पोरीकडं जायला मी मोकळा आहे, पण मग घरी सांगावं लागेल कुठं चाललो ते. आणि सांगितलं की ती म्हणणार, जाऊ नका. ड्युटी असली की तिला काही म्हणावं लागत नाही. कळलं? म्हणून पाहिजे मला तो एकशे चाळीस.

झालं का? आवळा पट्टा. आता बघा हं, दगड होतो.

...

किती? परत सांगा. एकशे चौतीस! बघा, म्हटलं नव्हतं? खालचा चौऱ्याऐंशी — तो पण बसतोय ना? बसतोय! सिस्टर, तुमचा हात गोड आहे. लिहा, लिहा, ठळक लिहा. मला वाटलंच होतं, तीन घेतल्यात म्हणजे उतरणारच —

नाही, काही नाही.

अहो, तीन म्हणजे... गोळ्या. सकाळी. राहिलेल्या भरून काढल्या. एकीनं थोडं उतरतं तर तिघींनी जास्त उतरेल, साधा हिशेब आहे. काय झालं त्यात? औषधच आहे, उंदीर मारायचं नाही. पेन का थांबलं? लिहा ना, एकशे चौतीस. यंत्रानं दाखवलंय, मी दाखवलेलं नाही.

चक्कर? नाही आली. सकाळी चप्पल घालताना जरा भिंत धरली. आणि जिन्यात कठडा. एवढंच. तुमच्या पायऱ्यांवर? तिथं एकदा उभा राहिलो, पण ते शिपायासाठी, तो मागं पडला होता... बरं, तो माझ्यासाठी मागं थांबला होता. झालं समाधान?

ओरडत नाही मी. तुम्ही मला पन्नास माणसांचं सांगू नका. मला सांगू नका! पन्नास माणसं मागं कशी असतात ते मला पाठीनं कळतं. कोण झोपलंय, कोण रडतंय, कुणाचं पोर दारापाशी उभं आहे. त्यांना घेऊन घाट उतरताना भिंत धरायला मिळत नाही, तेही कळतं. ...मला काय कळत नाही होय?

मग? किती दिवस? पंधरा. पंधरा दिवस रोज एक गोळी, आणि नागा नाही. दुसरी देतील? पळायला न लावणारी? तशी असते होय? मग गेल्या साली का नाही — हां, मी सांगितलंच नाही पळावं लागतं म्हणून. कुणाला सांगणार असलं. मग पंधरा दिवसांनी परत यायचं, परत हा पट्टा, आणि तोवर गाडी नाही. खिडकी. भोंग्याच्या मांडीला मांडी लावून. बरं. लिहा. अनफिट लिहा. तात्पुरतं लिहा पुढं, तेवढं तरी ठळक लिहा.

थांबा, घरी फोन करतो. वाट बघत असेल, संध्याकाळची माझी पाळी आहे. इथं चालतं ना बोललेलं, आकडा गेला आता खड्ड्यात.

हॅलो. हां. मी. नाही झालो पास. बी.पी. अगं, काही नाही, धडधाकट आहे, ओरडू नकोस. पंधरा दिवस गाडी नाही. हो, आजपण नाही. घरीच येतो. काय? डबा? भरलास? ...मग राहू दे. आपणच खाऊ. नाही, मला नाही भूक. अगं, कुणाच्या हाती देणार, कंडक्टर पण बदलीवरचा आहे आज. हॅलो? ऐकू येतंय ना? हे बघ, ती तिथं — म्हणजे मी तिथं खोलीवर — हॅलो?

...

काय म्हणालीस?

...

सिस्टर, जरा धरा हा फोन. धरा. ती विचारतेय, तिकडं जाणारी गाडी किती वाजता सुटते. तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं बोलवत नाही. साडेचार. नुसतं साडेचार म्हणा.