मोराच्या अडकित्त्यावरची बोली

मंडळी, एक सांगा — दया आली म्हणून खोटं बोललेलं चालतं का? माना डोलवू नका! आधी ऐका.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. जुने अडकित्ते जमवणाऱ्यांचा. हसा, हसा! लोक भांडणं जमवतात, हे अडकित्ते जमवतात. ग्रुप चालवतात वाईच्या वसुमतीबाई. लिलावाला त्यांचा एकच नियम — बोली सगळ्यांसमोर लावायची, आणि लावली की वस्तू उचलायची!

सांगलीच्या भिवाअण्णा लवट्यांनी बायकोचा अडकित्ता लिलावाला ठेवला. पितळी, मोराचा. लिहिलं, "अनसूया गेली. घरात सुपारी कातरणारं कोणी नाही. पातं गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात चालू दे."

मिरजेच्या रुखसारनं बोली लावली. तिला आजीसाठी हवा होता. झालं की नाही काम? पण नाही! कमलाकर आणि त्याचा दोस्त, दोघांना पुळका आला. "अण्णा एकटे पडलेत, चार पैसे जास्त मिळू देत." लागले बोली चढवायला! घ्यायचा दोघांनाही नाही! रुखसार चढली, आणखी चढली — शेवटी लिहिलं, "माझी ऐपत संपली, अण्णा."

बोली थांबली कमलाकरवर. अण्णांनी अडकित्ता पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला, पत्ता मागितला. तर कमलाकर म्हणतो कसा — "अहो अण्णा, मी नुसता हातभार लावला! मोर आहे माझ्याकडं." दोस्त म्हणतो, "मीही तुमच्यासाठीच हो!"

काय करावं या लोकांना!

वसुमतीबाई कडाडल्या — "कमलाकर, दया तुझी आणि भुर्दंड त्या पोरीला? ज्यांना वस्तू नको होती, त्यांच्या बोल्या रद्द! उरली रुखसारची पहिली बोली. तीच खरी."

अण्णांनी एवढंच विचारलं, "पोरी, आजी रोज कातरते का गं?"

"रोज, अण्णा. तोंडात दात नाही, तरी कातरते. शेजारणींना वाटून देते."

"मग ने."

आता कमलाकरला हसू नका! तुम्ही कोण मोठे लागून गेलात? कुणाच्या घरचं माणूस गेलं की दारात उभं राहून म्हणता, "काही लागलं तर सांगा हं!" ही बोलीच की नाही? मग उचला की! आमची ही गेली, तेव्हा याच गावात पुष्कळांनी लावली. एकाला फोन केला — "वहिनींना घेऊन ये, मला भाकरी थापायला शिकवा." तर म्हणतो, "महाराज, चेष्टा करता काय!"

चेष्टा नव्हती, बाबांनो. पीठ मळून बसलो होतो.