पाय धुवायला पाणी कुठलं?

बोला, दीनांच्या पायाशी बसणाऱ्या प्रभूचा — जय! अहो, एवढाच आवाज? कीर्तनाआधी चहाला तर केवढ्यांदा ओरडत होता!

मंडळी, ऐका. जगात लढाया पेटल्यात, विहिरी आटल्यात, माणसं देशोधडीला लागलीत. अशा वेळी शिकलेले फादर लोक एक शास्त्र सांगतात — मुक्तीचं ईश्वरशास्त्र! म्हणजे काय? तर देव गरिबाच्या बाजूनं उभा, आणि गरिबाची सुटका मेल्यावर नाही — इथंच, याच मातीत व्हायची! छान! पण या शास्त्राचं पुढं काय होणार? टिकणार, की कपाटात धूळ खाणार? सांगा! थांबा, आधी गोष्ट ऐका.

देवखडी गावात लाजरसराव साळवे नावाचे बडे गृहस्थ. चर्चमध्ये पहिला बाक यांचा. पाणी समितीचे अध्यक्ष हे. टाकीच्या व्हॉल्वची चावी यांच्या कमरेला! झोपतानासुद्धा काढत नसत. बायको म्हणायची, "अहो, टोचते मला!"

दर पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. त्यात लाजरसराव कायमचे पेत्र, म्हणजे पहिला शिष्य! आणि तयारी काय विचारता — सकाळपासून वज्रीनं टाचा घासायच्या, वासाचा साबण लावायचा, आणि चकाचक पाय चर्चमध्ये धुवायला न्यायचे! हसताय? तुम्हीही पाहुणे आल्यावरच घर झाडता ना?

पायांपाशी देव । वाकूनी बैसला ।
आम्ही शोधू त्याला । आभाळात ॥

यंदा नवे फादर आले, बेनेदिक्त. म्हणाले, "या वर्षी पाय धुवायचे खाणीच्या वस्तीत. निम्मे शिष्य गावातले, निम्मे वस्तीतले. बायासुद्धा!" लाजरसरावांनी तोंड वाकडं केलं. पण नाही म्हणावं तर पेत्राची खुर्ची जाते! गेले.

गुरुवारी संध्याकाळी वस्तीत मांडव घातला. चांदीचं तस्त आलं, तांब्या आला, पांढरेशुभ्र टॉवेल आले. लाजरसरावांनी पाय पुढं केले. शेजारी तबिथाबाई, खाणीवर खडी फोडणारी. फादरांनी गुडघे टेकले, तांब्या वाकडा केला — थेंब नाही!

"अरे, पाणी कुठंय?" फादर कुजबुजले.

चर्चचा सेवक म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, पाणी वस्तीतलंच घेऊ!"

तबिथाबाई हसली. "होळीपासून आमच्या नळाला पाणी नाही, फादर. टँकरचं कळशीभर आहे घरात. आणते. पण मग लेकरं काय पितील, तेवढं सांगा."

"का? गावच्या टाकीत पाणी नाही?"

सगळी वस्ती लाजरसरावांच्या कमरेकडं बघायला लागली!

"टंचाई आहे, फादर," लाजरसराव पुटपुटले. पण मनात काय? बंगल्यापुढची हिरवळ! सोमवारी लेकीचा साखरपुडा, व्याही शहरातले, आणि त्यांच्यासाठी महिनाभर जपलेलं ते गवत! वस्तीचा व्हॉल्व उघडला की संपलं!

फादर रागावले असते तर बरं झालं असतं. लाजरसरावांनी दोन उलट ऐकवली असती आणि सुटले असते. पण हा माणूस तसाच गुडघ्यावर, रिकामा तांब्या धरून! तेवढ्यात तबिथाबाईनं खरंच कळशी आणून ठेवली. "घ्या. आधी अध्यक्षांचे धुवा. खोळंबलेत."

लाज वाटली हो, मंडळी! लाजरसरावांनी पाय झटकन मागं घेतले, आणि उठले ते अनवाणीच टाकीकडं पळत सुटले!

थोड्या वेळानं नळ फुरफुरला, खोकला, आणि — पाणी! मग काय विचारता! बायका उठल्या, शिष्य उठले, मांडव रिकामा!

"अहो, विधी राहिला!" फादर ओरडले.

"विधी कुठं पळतोय?" तबिथाबाई म्हणाली. "पाणी जाईल ना! धरा हा हंडा!"

फादरांनी धरला! लाजरसराव धापा टाकत परत आले, तर कुणी ढुंकून बघेना. त्यांनीही एक हंडा उचलला. "कुठं ठेवू?"

"आत. वाकून या, दार ठेंगणं आहे."

वाकले! अध्यक्ष वाकले!

संपली गोष्ट? छे! एक दिवस चांगलं वागायला काय लागतं? सकाळी समितीची मंडळी दारात. "अध्यक्ष, पुरे झालं पुण्य! व्हॉल्व बंद करा, आमच्या बागा सुकतायत."

लाजरसराव म्हणाले, "चावी माझ्याकडं नाही. रात्रीच तबिथाबाईकडं दिली. जा, तिला विचारा."

सोमवारी हिरवळ पिवळी पडली. व्याह्यांनी नाक मुरडलं. पण पेढे खाल्लेच की!

तर मंडळी, त्या मुक्तीच्या शास्त्राचं भविष्य असं, कमरेची चावी सुटते तिथं सुरू होतं. आता तुमचं बोला! अहो, खिसे काय चाचपता? चावी काय लोखंडाचीच असते? रेशनच्या दुकानात रांग कोण थांबवतं? शाळेचा दाखला कोण अडवून धरतं? घरातल्या सुनेनं माहेरी जायला कुणाला विचारायचं? ... खाली बघू नका, आजोबा, तुम्हालाच विचारतोय! उद्या सकाळी कुणाच्या हातात काय सोपवणार, ते मनाशी ठरवा आणि मगच उठा. तोवर मी टाळ खाली ठेवत नाही!