फ्रिजातल्या कवटीच्या बाटल्या

हॅलो?… हॅलो! कुठून?… गुहागर? हां, जोडा, जोडा… कोण, मालनची आई? मी आनंदीबाई, रघूची आई. बोला विहीणबाई!

विहीणबाई म्हणू नको?… का हो? परवा घर बघायला आलात, फणसाची भाजी मागून घेतलीत, आणि आज…

काय बघितलंत?… फ्रिजात? माझा फ्रिज तुम्ही उघडलात कधी?… पाणी घ्यायला! माठ समोर होता की!

बरं, बरं… बाटल्यांवर कवटीचं चित्र? हो, आहे. पोरांनी ताक समजून पिऊ नये म्हणून रघूनेच चिकटवलंय… विष? सुनेला घालायला?! जीभ आवरा बाई! दोन सुना नांदतायत माझ्या घरात… हो, बोलते मी त्यांना. रोज बोलते. पण पोटभर वाढून बोलते!

अहो ऐका ना… ऐका तर! जंतू आहेत त्यात… नाही हो, रोगाचे नव्हेत. पाळलेत… हो, पाळलेत. आपण कोंबड्या नाही पाळत?… अंडी कसली घालतायत! तो धातूला मुलामा चढवायचा कारखाना खाडीत घाण सोडतो ना, त्यातलं निकल का काय ते, धातूचं विष, ते हे जंतू गिळतात. रघूच्या कॉलेजातला फ्रिज बिघडलाय, म्हणून बाटल्या घरी…

खुळा? माझा रघू खुळा? एमेस्सी झालाय तो! खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या मेल्या तेव्हा सगळं गाव नुसतं हळहळलं. हा एकटा चिखलात उतरला… हो, येतो अंगाला वास. तुमच्या ह्यांच्या अंगाला तपकिरीचा येत नाही?

नको तर नको! माझ्या रघूला काय मुलींचा तोटा? ठेवा फोन. ठेवा म्हणते ना!…

हॅलो?… आता कोण? मालन?… आईच्या हातातून ओढलास? बरी आहेस गो… विचार, विचार काय ते.

काय?… जंतूंनी विष गिळलं, पण मग ते जातं कुठे?… पोट भरलेल्या जंतूंचं पुढे काय करतात?…

अगो, हे मी त्याला कधी विचारलंच नाही. मी नाही, त्याच्या भावांनी नाही, भावजयांनी नाही. आम्ही नाकाला पदर लावून मोकळ्या…

थांब हं. आईला देऊ नकोस फोन!… अहो एक्स्चेंजवाले, तोडू नका, अजून तीन मिनिटं द्या!… रघू! ए रघ्या! ठेव ती बाटली, गुहागरचा फोन आहे… आई नव्हे रे, मुलगी! तुझ्या जंतूंची चौकशी करतेय…

अरे मेल्या, आधी हात धू!